गाडीचा प्लग स्वतः बदलावा, पण घाईने नव्हे



कारखान्याचा पट्टा पडला की आमच्या वाहन विभागाच्या दारात माणसांची वर्दळ सुरू होते. हंगामात कुणाला सवड नसते. तोड कधी येते, गाडी कधी भरते, काट्यावर नंबर कधी लागतो, यातच चार-पाच महिने जातात आणि घरची गाडी तशीच धूळ खात पळत राहते. मग उन्हाळ्यात आठवण होते की हिच्याकडे कुणी बघितलेलेच नाही.

असेच एक सभासद परवा आपली ओम्नी घेऊन आले. उतरायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्री, गाडी लई गचके खातीया. चढाला तर जीवच धरत नाही. हे तुमच्या इथेनॉलचं काम हाय बघा. ऊस आम्ही घालायचा, दारू तुम्ही गाळायची, आणि बिघडायची आमचीच गाडी!" भोवतीचे चार जण हसले, पण त्यांना हसू येत नव्हते. आदल्या आठवड्यात रात्री सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेताना चढावर गाडी दोनदा बंद पडली होती. दिवस भरलेली सून गाडीत. पोर सुखरूप झाले, पण त्या अर्ध्या तासाचा धसका त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता.

मी म्हटले, "आबा, आधी प्लग काढून बघू, मग इथेनॉलला शिव्या देऊ." पुढची सीट उचलली, तीन प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. तिन्ही प्लग तीन रंगांचे निघाले. त्या तीन रंगांनी जे सांगितले ते पुढे येईलच. पण हे काम आबांना घरी, स्वतःच्या अंगणात, अर्ध्या तासात करता आले असते आणि ती रात्र टळली असती. म्हणून हा लेख.

पुष्कळ सभासदांकडे ट्रॅक्टर असल्यामुळे एक गैरसमज आधीच दूर करतो. ट्रॅक्टरला असला प्लग नसतो. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, सोळा-अठरा पट किंवा जास्तच, की ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. काही डिझेल गाड्यांना गार हवेत चालू होण्यासाठी तापणारा हीटर प्लग असतो, तो वेगळा. पेट्रोलच्या इंजिनात दाब बेताचा, साधारण आठ ते अकरा पट. तिथे हवा-पेट्रोलचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते आणि ती ठिणगी पाडणारा हा प्लग. म्हणजे पुढे जे लिहिले आहे ते पेट्रोलच्या मोटारी, व्हॅन, मोटारसायकल आणि स्कूटर यांना लागू, ट्रॅक्टरला नाही.

प्लगचे काम काय

प्लग हातात घेऊन बघा. वर वायर बसण्याचे टोक, मग पांढरी चिनी माती, मग पाना बसण्याची षट्कोनी बाजू, खाली आटे, आणि अगदी खाली मधली तार व तिच्यावर वाकवलेला धातूचा आकडा. मधली तार आणि आकडा यांच्यात जी फट असते तिला गॅप म्हणतात. सगळी गंमत त्या फटीत आहे.

बॅटरी आपली बारा व्होल्टची. बारा व्होल्टने ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल हा दाब दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजार व्होल्टपर्यंत वाढवते. शेतातली थ्री फेज मोटार चारशे व्होल्टच्या घरात चालते, त्यावरून अंदाज करा. हा दाब मधल्या तारेत आला की दुसरी वाट नसल्यामुळे वीज त्या फटीतून उडी मारते. चिनी माती कशासाठी? तर वीज बाजूने पळून जाऊ नये म्हणून. म्हणूनच चिनी मातीला तडा गेलेला प्लग वरून कितीही चांगला दिसला तरी फेकून द्यावा.

आता हिशेब मांडू. गाडी ताशी साठ किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारते आहे असे धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते, म्हणजे मिनिटाला दीड हजार. मिनिटात गाडी एक किलोमीटर जाते. पंधरा हजार किलोमीटर चालल्यावर एकेका प्लगने सव्वादोन कोटी ठिणग्या पाडलेल्या असतात. प्रत्येक ठिणगीला धातूचा सूक्ष्म कण झिजतो. फट रुंद होत जाते. जितकी फट रुंद तितका दाब जास्त लागतो आणि एक दिवस चढावर, भरल्या गाडीत, कॉइलला तेवढा दाब पुरवता येत नाही. ठिणगी पडत नाही, पेट्रोल न जळताच बाहेर जाते. यालाच आपण गाडी मिसिंग मारते म्हणतो. सपाटीला गाडी बरी वाटते आणि चढाला दम तोडते त्याचे कारण हेच. ओझे वाढले की सिलिंडरातला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवणे अधिक अवघड.

विजेच्या ठिणगीने इंजिन चालवण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये लेन्वार यांनी १८६० साली केला. आज आपण वापरतो त्या घडणीचा, उच्च दाबाचा प्लग १९०२ साली जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड या इंजिनिअरने सिद्ध केला. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी 'मायकोचा प्लग' असतो. ती मायको म्हणजे १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जिचे नाव २००८ पासून बॉश झाले. दुकानात अजूनही एखादा म्हातारा 'मायको द्या' म्हणाला तर दुकानदार बरोबर देतो.

कधी बदलावा

साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य वीस-तीस हजार किलोमीटर धरावे. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या टोकाचे महाग प्लग ऐंशी हजार ते लाखापर्यंत जातात. पण शेवटचा शब्द गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाचा. ते पुस्तक बहुतेकांच्या घरी पोरांनी फाडलेले असते, हे मला माहीत आहे. नसेल तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून प्लगचा नंबर आणि गॅप एका कागदावर लिहून घ्यावा आणि गाडीतच ठेवावा.

सकाळी सेल्फ दोन-तीनदा मारावा लागणे, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे, पिकअप कमी होणे, अॅव्हरेज उतरणे, ही लक्षणे दिसली की प्लग काढून बघावा. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तो लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होतो. प्लगचे काही शे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा कन्व्हर्टर घालवलेली माणसे आहेत.

काम कसे करावे

१९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० आणि १९८४ साली आलेली व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली, यांचे ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन आपल्या भागात घराघरांत माहीत आहे. ८०० चे उत्पादन २०१४ ला आणि ओम्नीचे २०१९ ला थांबले, तरी दूध घालायला, बाजाराला आणि दवाखान्याला त्या अजून पळताहेत. तेव्हा तिचाच दाखला घेतो. इतर गाड्यांतही रीत हीच, जागा तेवढ्या बदलतात.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण गार असावे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्यावी, हे सगळ्यांत बरे. इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असते आणि प्लगचे अंग लोखंडाचे. गरम असताना दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगलेली असतात. तशात प्लग जोराने फिरवला की हेडातले मऊ आटे प्लगबरोबर ओरबाडून येतात.

दुसरी गोष्ट धुळीची. आपल्या रस्त्यांवरून हंगामात उसाच्या गाड्या आणि बैलगाड्या जातात, त्यांची धूळ प्लगच्या खड्ड्यात जाऊन बसते. प्लग काढला की तीच धूळ सरळ सिलिंडरात पडणार आणि पिस्टनला काच लावल्यासारखी घासणार. म्हणून वायर काढल्यावर आणि प्लगला पाना लावण्यापूर्वी खड्ड्यात हवा मारावी. पंक्चरच्या दुकानातली हवा उत्तम, नाहीतर सायकलचा पंप चालतो. तोंडाने फुंकर मारायला गेलात तर धूळ आपल्याच डोळ्यांत येते.

वायरी एका वेळी एकच काढावी. तिन्ही एकदम उपसल्या की कुठली कुठे हे आठवत नाही आणि उलटसुलट लागली तर गाडी फटाके मारते. वायर ओढताना रबरी टोपीला धरून थोडी पिळून ओढावी. वायरीलाच धरून हिसका दिला तर आतली तार तुटते आणि वरून काही कळत नाही. नव्या गाड्यांत वायरी नसतात, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. तिथे आधी बॅटरीचे मायनस टोक सोडावे, कॉइलच्या जोडाची कळ हळूच दाबून जोड काढावा, बोल्ट सोडवून कॉइल सरळ वर उचलावी. काही गाड्यांत प्लगपर्यंत पोचायला वरचा हवेचा मॅनिफोल्डच सोडवावा लागतो. अशी गाडी असेल तर हौस आवरून मिस्त्रीकडे जावे.

पाना प्लगचाच वापरावा. जुन्या प्लगला एकवीसचा, नव्या बहुतेक प्लगला सोळाचा लागतो. आत रबर असलेला खोल गोटी पाना मिळाला तर फारच चांगले, प्लग त्यात धरून राहतो, पडत नाही. साध्या गोटी पान्याने तिरका जोर लावला की चिनी माती फुटते. प्लग हलेना, तर जोर वाढवण्याऐवजी कडेला थोडे गंजतेल सोडून तासभर थांबावे. मग थोडा सैल, थोडा परत आत, असे करत काढावा.

नवा प्लग बसवण्यापूर्वी फिलर गेजने गॅप तपासावा. डब्यातून आलेला प्लगही वाटेत आदळलेला असू शकतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मि.मी. आणि पुढच्या बऱ्याच गाड्यांत एक मि.मी.च्या आसपास गॅप असतो. नक्की आकडा पुस्तकातला घ्यावा. कमी-जास्त करायचा झाला तर फक्त बाहेरचा आकडा हलकेच वाकवावा, मधल्या तारेला आणि चिनी मातीला टेकण देऊ नये. इरिडियमच्या प्लगला तर हात लावूच नये, त्याचे टोक टाचणीसारखे बारीक असते, लगेच मोडते.

आता येते ती जागा, जिथे हे सोपे काम महागात पडते. माझ्याच हातून ते झालेले आहे, म्हणून सांगतो. गॅरेजात लागून मला दोन वर्षे झाली होती, म्हणजे सगळे येते असे वाटण्याचे वय. मेहुण्याची नवीकोरी मारुती घरी आली होती. लग्नाला निघायची गडबड, बायका आवरून बसलेल्या. मी म्हटले, पाच मिनिटांत प्लग साफ करून देतो. दोन प्लग नीट बसले. तिसरा जरा तिरका लागला. हाताला अडतोय हे कळत होते, पण मी पाना लावला आणि दाबून फिरवला. आत 'करकर' असा बारीक आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. आटे गेले. गाडी चालू केली तर तिसऱ्या प्लगमधून कॉम्प्रेशन फुसफुसत बाहेर. लग्नाला सगळे एस.टी.ने गेले. हेड उतरवून, भोक मोठे करून, नवे आटे बसवून आणायला आठवडा लागला आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले. मेहुणा काही बोलला नाही, तेच जास्त लागले.

तेव्हा रीत अशी. फवारणीच्या पंपाची जुनी रबरी नळी घ्या, वीतभर लांब, प्लगच्या चिनी मातीवर घट्ट बसेल अशी. प्लग नळीत खोचा, खड्ड्यात सोडा आणि नळी बोटांनी फिरवा. आधी उलटी, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने फिरवा. आटा आट्यात उतरला की 'टक' असे हलकेसे लागते. मग सुलटी फिरवा. सरळ बसला असेल तर प्लग चार-पाच फेरे लोण्यासारखा जातो. तिरका लागला तर नळीच प्लगवर घसरते, आटे वाचतात. हाताने जाईल तितका जाऊ द्यावा. अडला तर काढून पुन्हा. पाना फक्त शेवटच्या आवळणीसाठी.

आवळायचा किती? वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर चेपतो ते हाताला कळते. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा ते आठवा हिस्सा पुरे. काही प्लगना वॉशर नसतो, बूड निमुळते असते. त्यांना जेमतेम सोळावा हिस्सा. टॉर्कचा पाना असेल तर चौदा मि.मी.च्या वॉशरवाल्या प्लगला अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर. आपल्याकडे सवय अशी, की ट्रॅक्टरच्या चाकाचा नट आवळणारा हातच प्लगवर पडतो. तो हात घरी ठेवून यावा. उलट सैल ठेवणेही वाईट, कारण प्लगची उष्णता आट्यांतून आणि बुडातून हेडात जाते. सैल प्लग तापून लाल होतो आणि वेळेआधीच पेट्रोल पेटवतो. आट्यांना ग्रीस चोपडण्याचीही गरज नाही. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावले की प्लग नकळत जास्त आवळला जातो.

जुन्या प्लगची भाषा

काढलेले प्लग लगेच टाकू नयेत. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे ध्यानात ठेवून ओळीने मांडावेत. डॉक्टर जीभ बघतो तसा मिस्त्री प्लग बघतो.

आबांचा पहिला प्लग फिकट तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा. हा निरोगी रंग. त्या सिलिंडरचे सगळे ठीक चालले आहे, पण गॅप असायला हवा त्याच्या जवळजवळ दीडपट झालेला. म्हणजे प्लग चांगला जगला आणि म्हातारा झाला.

दुसरा कोरडा काळा. बोट लावले की चुलीच्या काजळीसारखे बोटाला लागते. हा पेट्रोल जास्त आणि हवा कमी असल्याचा पुरावा. कारणे अनेक. एअर फिल्टर धुळीने तुंबणे हे आपल्याकडे पहिले. जुन्या गाडीत चोक ओढलेला राहणे हे दुसरे. फक्त गावातल्या गावात, डेअरीपासून घरापर्यंत गाडी फिरवणे हे तिसरे. प्लगचे टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापले की त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. एवढ्याशा फेरीत ते तापतच नाही. काजळी विजेला वाट देते आणि ठिणगी फटीतून न उडता काजळीवरून पळून जाते. आबांचा एअर फिल्टर झटकला तेव्हा वाटीभर माती पडली. एकच प्लग असा काळा असेल तर त्याची ठिणगीच दुबळी असण्याचाही संभव असतो, म्हणून त्याची वायर तपासली. टोपीला आतून चीर होती. चीर बारीक असली तर अंधारात बॉनेट उघडून बघावे, निळसर ठिणग्या बाहेर खेळताना दिसतात. मात्र हात लावू नये.

तिसरा काळाच, पण ओला आणि चिकट. वासाला पेट्रोल नाही, तेल. म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजून इंजिन ऑइल वर येते आहे. या प्लगने मला जरा गप्प केले, कारण ही खर्चाची बातमी असते. नवा प्लग घालून काही महिने निघतील, दुखणे तसेच राहील. सभासदाला हे आधीच सांगावे, नाहीतर तीन महिन्यांनी तो म्हणतो, प्लगच खोटा दिला.

आबांच्या गाडीत नव्हता असा चौथा रंग म्हणजे पांढराफटक, कधी त्यावर फोड आल्यासारखे. हा धोक्याचा. इंजिन जास्त तापते आहे, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, टायमिंग पुढे गेले आहे किंवा प्लग चुकीच्या जातीचा आहे. प्लगलाही उष्ण आणि थंड अशा जाती असतात आणि त्या नंबरात लिहिलेल्या असतात. इथे एक फसगत आहे. एन.जी.के.च्या नंबरात आकडा मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या नंबरात आकडा मोठा तितका उष्ण. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीत शोधू नये, दुकानदाराकडचा तक्ता बघून जोडी लावावी. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचा प्लग मात्र पेट्रोलपेक्षा पांढुरकाच दिसतो, तेव्हा घाबरू नये.

जुना प्लग घासून पुन्हा वापरावा का? राजदूत, लुना, एम-८० च्या काळात खिशात प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊनच माणूस घराबाहेर पडे. त्या टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोलबरोबर तेलही जाळत, प्लग आठवड्याला काळा होई आणि घासला की चाले. आता घासून अडल्यावेळी घर गाठावे, पण तो उपाय कायमचा नव्हे. कागदाची रेती चिनी मातीच्या आत अडकून बसते आणि झिजलेली फट घासून भरत नाही. त्याच काळातली आणखी एक सवय मोडावी. वायर काढून, प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी बघण्याची. आजच्या कॉइलचा झटका जबर असतो, शेजारी पेट्रोलची वाफ असते आणि उघडी ठिणगी कॉइलच्या इलेक्ट्रॉनिक भागालाही मारते.

आता इथेनॉलचे

आबांचा प्रश्न टाळून चालणार नाही. कारखान्याच्या पानावर इथेनॉलची बाजू घेतली असे कुणी म्हणू नये, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली सुरू झाला. त्यात आपल्या राज्यातले मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ च्या जानेवारीत काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. देशाने २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के गाठले. यात उसाच्या मळीचा आणि रसाचा वाटा मोठा, आणि त्याचे पैसे फिरून उसाच्या बिलात येतात, हे आपण जाणतो.

प्लगपुरते बोलायचे तर इथेनॉल प्लगचा वैरी नाही. त्याच्या रेणूत प्राणवायू असतो, ते पेट्रोलपेक्षा स्वच्छ जळते, काजळी कमी धरते. आबांच्या काळ्या प्लगला इथेनॉल जबाबदार धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

पण दुसरी बाजूही खरी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश उष्णता असते, म्हणून अॅव्हरेज थोडे उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, निव्वळ पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत वीस टक्के मिश्रणाने सहा-सात टक्के, दुचाकीत तीन-चार टक्के घट धरली आहे. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडचा सेन्सर वास घेऊन पेट्रोलचे माप वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला ती अक्कल नसते. तिथे मिश्रण हलके पडते, गाडी सकाळी कुरकुरते, प्लग पांढुरका दिसू लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंग इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो. आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभी केलेली गाडी दिवाळीला चालू होत नाही, त्यात याचाही भाग असू शकतो.

मग ओळखायचे कसे? प्लगवरूनच. गाडी गचके खाते आहे आणि प्लग काळे, तेलकट किंवा गॅप रुंद झालेले असतील, तर दोष गाडीच्या देखभालीत आहे. प्लग नवे, गॅप बरोबर, रंग पांढुरका आणि तरी गचके, तर इंधनाच्या वाटेकडे बघावे. पेट्रोलचा फिल्टर बदलावा, रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात, कार्बोरेटर जाणकाराकडून जुळवून घ्यावा आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर जुने पेट्रोल तिच्यात ठेवू नये.

आबांच्या ओम्नीला तीन नवे प्लग, दुसऱ्या सिलिंडरची वायर आणि एअर फिल्टर घातला. त्यांनाच नळी हातात दिली आणि तिसरा प्लग त्यांच्याच हाताने बसवून घेतला. 'टक' लागल्यावर म्हणाले, "लागलं की रं!" त्याच चढावर गाडी नेऊन आले, गचका नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगांचे मी त्यांना स्पष्ट सांगितले. काम चार पैशांचे नाही. ते म्हणाले, पुढच्या हप्त्याचे बिल निघाले की बघू. तोवर महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, तो तिसरा प्लग काढून पुसायचा, डिपस्टिकने तेल बघायचे आणि किती भरले ते कॅलेंडरवर लिहायचे, असे ठरले आहे. काढलेल्या तिघांतला शेंगदाण्याच्या रंगाचा प्लग गॅप जुळवून, फडक्यात गुंडाळून, त्यांनी पान्यासोबत सीटखाली ठेवला आहे.